काटा पासष्टवर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उसामी म्हणते, नव्या कामाची रोज नोंद ठेवा. ती नोंद ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे आणि तीत मी फार सभ्य माणूस आहे. ही वही घरची. इथे खरं लिहायचं.

आम्ही पाच जण नागोयात एका ईल माशाच्या खानावळीच्या वरच्या मजल्यावर बसून सिम्युलेटरसाठी विमानं बनवतो. लोक घरी खुर्चीत बसून ती उडवतात आणि स्वतःला वैमानिक समजतात. बाकीचे चौघे विमानाचा रंग, गंज आणि सीटची शिवण यांत महिनेच्या महिने घालवतात. मी हवा बनवतो. त्यातही माझा खास प्रांत म्हणजे वेगाचा काटा. दुसऱ्यांच्या सिम्युलेटरमध्ये हा काटा इतका सरळमार्गी असतो की हसू येतं. विमान साठने चाललं की काटा साठ दाखवतो. अरे, खरा काटा इतका इमानदार असता तर मला पगार कशाला मिळाला असता?

खरा काटा थापा मारतो. एक नळी पंखाखालून समोरचा वारा गिळते, दुसरीकडे एक भोक स्तब्ध हवा हुंगतं, आणि या दोघांच्या भांडणातून वेगाचा आकडा निघतो. नळी जरा तिरकी झाली, भोक चुकीच्या जागी पडलं, की आकडा बदलला. प्रत्येक विमान आपापल्या परीने खोटं बोलतं. ते खोटं नेमकं पकडणं मला येतं. या देशात आणखी कोणाला येत असेल तर त्याने मला भेटावं, मी कॉफी पाजीन.

नवं काम नदीकाठच्या एका फ्लाइंग क्लबचं. त्यांच्याकडे चाळिशी उलटलेलं दोन सीटचं एक पिवळं विमान आहे, त्याला सगळे कॅनरी म्हणतात. शिकाऊ लोकांसाठी हुबेहूब तसं सिम्युलेटर त्यांना क्लबच्या झोपडीत बसवायचंय. अध्यक्ष त्सुगे डॉक्टर, दातांचे. शिकवणारे काकेही मास्तर, वय शहात्तर.

उसामीने विचारलं, "हिबिनो-सान, तुम्ही एकदा त्यात बसून याल ना?"

मी म्हटलं, "अंड्याची चव कळायला कोंबडी व्हावं लागत नाही."

"अंडं तरी खावं लागतं," ती म्हणाली. आधीच्या कंपनीत ही पोरगी माझ्या हाताखाली होती. आता मालकीण आहे म्हणून ऐकून घेतलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

क्लबवर गेलो. गवताची पट्टी, कडेला पांढरे रंगवलेले सहा टायर, सहाव्यापुढे पाण्याचा चर आणि मग बांबू. उतरताना विमान जेवढ्या अलीकडच्या टायरशी थांबेल तेवढा माणूस मोठा, अशी इथली जातव्यवस्था. मास्तर तिसऱ्या टायरशी थांबतात. बाकी सगळे पाचव्याशी. तिसऱ्या टायरला "मास्तरांचा टायर" म्हणतात आणि नव्या वर्षात त्याला पेंढ्याचा दोर बांधतात म्हणे. देवळातल्या झाडाला बांधतात तसा. टायरला!

मास्तर म्हणजे वाळलेली काडी. गळ्याला टॉवेल, ओठात सिगारेट. विमानात चढल्यावर प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून रेल्वेच्या ड्रायव्हरसारखे मोठ्याने ओरडतात. "पेट्रोल, ठीक! पट्टा, ठीक!" चाळीस वर्षं तेच विमान उडवणाऱ्या माणसाला पट्टा कुठे आहे हे ओरडून का सांगावं लागतं, देव जाणे.

आम्ही सीटच्या मागे कॅमेरा लावला, खरा वेग मोजायला जीपीएस लावलं. मास्तर म्हणाले, "बसा ना हिबिनो-सान. एक फेरी."

मी म्हटलं, दाढ दुखतेय. त्सुगे डॉक्टर लगेच म्हणाले, "दाखवा." झोपडीत, स्टोव्हशेजारी, सगळ्यांसमोर माझं तोंड उघडून बघितलं. दाढ ठणठणीत होती. मग मी सांगितलं की बाजूचा वारा ठीक वाटत नाही. वारा नव्हता. कोणी काही बोललं नाही. हेच या लोकांचं वाईट. बोलत नाहीत, चहा देतात.

३ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी. घरी बसून सगळी रेकॉर्डिंग पाहिली. आवाज बंद करावा लागला, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखा घोंगाट आहे आणि त्यात म्हाताऱ्याची आरडाओरड. चित्र मात्र स्वच्छ. मास्तरांचे चार पांढरे केस जाहिरातीतल्या नटीसारखे उडतात. सिगारेटचा धूर डावीकडे सुसाट जातो. कॅमेऱ्यातून बघतानाही थंडी वाजली.

आणि माज किती! उतरताना हा माणूस काट्याकडे बघतच नाही. बाहेर गवताकडे बघत बसतो, भाजी निवडायला बसल्यासारखा. तरी काटा पासष्टवर चिकटलेला. नशीब असतं एकेकाचं.

आता मौज. विमानाच्या पुस्तकात लिहिलंय, उतरताना साठ नॉट वेग ठेवा. क्लबात मास्तर सगळ्यांना शिकवतात पासष्ट. सगळ्यांची समजूत अशी की म्हातारा जिवाच्या भीतीने पाच जास्त ठेवतो. मी जीपीएसशी ताडून पाहिलं, जाताना आणि येताना, वारा वजा करून. काटा पासष्ट दाखवतो तेव्हा कॅनरी खरी साठनेच चाललेली असते! म्हणजे काटा पाचने फुगवून सांगतो. कारणही मला लगेच सापडलं. या जुन्या विमानात स्तब्ध हवेचं भोक बाहेर नाहीच. डॅशबोर्डच्या मागे, केबिनमध्येच उघडं सोडलंय. केबिनमधली हवा बाहेरच्यापेक्षा किंचित पातळ, म्हणून काटा चढा. झालं. विमान बनवणाऱ्यांना जे पुस्तकात लिहिता आलं नाही ते मी पलंगावर बसून शोधलं.

पाच नॉट कायमचे सिम्युलेटरमध्ये ओतले. आता माझी कॅनरी खऱ्या कॅनरीइतकीच खोटारडी आहे. आनंदाने दोन बिअर प्यायलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सिम्युलेटरची कॅनरी बाजारात आली आणि उंटावरचे शहाणे जागे झाले. होक्काइदोचा एक जण लिहितो, "माझ्याकडे हेच विमान आहे. माझा काटा पुस्तकाप्रमाणे चालतो, तुमचा पाच जास्त दाखवतो." मी उत्तर दिलं की आपला काटा एकदा दुरुस्तीला द्यावा. त्याने विचारलं, "तुम्ही हे विमान कधी उडवलंय का?" मी त्याला अंड्याची गोष्ट सांगितली. एकशे चौदा लोकांनी हसरी तोंडं पाठवली. माझ्या बाजूने की त्याच्या, हे कळायला मार्ग नाही, पण मी माझ्या बाजूने धरतो.

११ जानेवारी, रविवार

क्लबात नव्या वर्षाचं पहिलं उड्डाण. विमानाच्या पंख्यावर साके, म्हणजे तांदळाची दारू शिंपडली, टायरला खरोखरच पेंढ्याचा दोर होता, आणि झोपडीत आमच्या सिम्युलेटरचं उद्घाटन.

मास्तरांच्या तोंडात सिगारेट नव्हती. डॉक्टरी तपासणीत छातीवर डाग दिसला होता. जुना, सुकलेला निघाला, पण बायकोने नव्या वर्षाच्या पहाटे देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली. आता दिवसभर आंबट प्लमच्या गोळ्या चघळतात. जरा खचलेले वाटले. म्हणाले, "हिबिनो-सान, आतून काय काय बिघडत असतं, माणसाला पत्ता नसतो."

मग सिम्युलेटरमध्ये बसले आणि सवयीने बाहेर बघायला लागले. बाहेर म्हणजे पडद्यावरचं गवत. ते गवत आमच्याकडच्या एका पोराने बनवलंय, त्याला गवत म्हणणं म्हणजे उपकार. अर्थातच मास्तर चरात गेले. पहिल्यांदा गेले, दुसऱ्यांदा गेले. पोरं तोंड फिरवून हसली.

मी पुढे झालो आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. "मास्तर, बाहेर काय आहे? काट्यावर नजर ठेवा. पासष्ट म्हणजे पासष्ट. अंदाज चुकेल, डोळा चुकेल, काटा कसा चुकतो हे मला माहीत आहे आणि तो हिशेब आत घातलाय." त्यांनी नजर काट्यावर ठेवली आणि तिसऱ्या टायरशी थांबले. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने मला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि निघताना पाहिलं तर खऱ्या विमानाच्या काट्याच्या काचेवर पासष्टपाशी लाल टेपचा तुकडा चिकटवत होता. शहात्तराव्या वर्षी का होईना, माणूस शिकला.

८ मार्च, रविवार

त्सुगे डॉक्टर ऑफिसात आले. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे नेलं. सकाळच्या कॉफीबरोबर फुकट मिळणारं उकडलेलं अंडं त्यांनी सोललं आणि म्हणाले, "काकेही मास्तर संपले."

म्हटलं, "म्हणजे?"

"जानेवारीपासून पाचव्या टायरवर थांबतायत. गेल्या रविवारी सहाव्यावर. पुढचं चाक चराच्या काठाशी. शेजारी शिकाऊ मुलगी होती हो! मास्तर हसले, म्हणाले, विमान हल्ली तरंगत राहतं, म्हातारं झालंय. विमान म्हातारं झालंय म्हणे!"

नाचता येईना अंगण वाकडं. डॉक्टरांच्या डोळ्यांत काळजी होती, हे मी मान्य करतो. त्याखाली आणखीही काहीतरी होतं. तीस वर्षं हा माणूस पाचव्या टायरशी थांबतोय आणि तीस वर्षं मास्तर त्याला "हात जड, हात जड" म्हणतायत.

क्लबाला माझा तांत्रिक अहवाल हवाय. बारा एप्रिलच्या सभेत ठरेल, मास्तरांनी शिकवायचं की नाही. नाही ठरलं तर त्यांचं विमानही सुटलं, कारण क्लबाच्या विम्यात फक्त शिक्षक म्हणूनच त्यांचं नाव आहे. जमिनीवर बसवलं तर म्हातारा काय करेल कोण जाणे. पण तो माझा प्रांत नाही.

१५ मार्च, रविवार

डॉक्टरांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ पाहिले. काटा पासष्ट, लाल टेपवर, जरासुद्धा हलत नाही. मास्तर काट्याकडे डोळे फाडून बघतायत. शिस्त म्हणजे शिस्त. केसही जागच्या जागी. शेजारच्या मुलीने चष्मा पुसला तर काचेवर वाफ. आणि विमान तरंगतंय, तरंगतंय, तिसरा टायर गेला, चौथा गेला.

उसामी मागे उभी होती. "जीपीएस पुन्हा लावून बघायचं का?"

"फूटपट्टी एकदा मोजली की पुरे. रोज फूटपट्टी मोजतात का?"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा तिला वेगळंच म्हणायचं असतं, पण हिंमत असेल तर बोलावं.

हिशेब सरळ आहे. काटा तेव्हाही पासष्ट, आताही पासष्ट. माझी पाचची वजाबाकी केली की वेग साठ. विमान तेच, वजन तेच. मग फरक कुठे? हातात. जमिनीजवळ नाक उचलायला हात उशिरा येतो. लिहून टाकलं: "वयोमानानुसार प्रतिक्रियेत विलंब." सही केली. वाचून बघितलं, चांगलं वाक्य आहे.

१ एप्रिल, बुधवार

मास्तर ऑफिसात आले. जिना चढून धाप लागली होती. हातात तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचा डबा, खिशात माझा अहवाल, चार घड्या घातलेला. मला वाटलं, आता भांडण. मी उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक झणझणीत.

म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असणार. फक्त एक सांगा. हात उशिरा येतो, तो नेमका कुठे? चौथ्या टायरच्या आधी की नंतर? शेजारी बसून तेवढं दाखवा. मी सुधारतो. अजून अकरा दिवस आहेत."

भांडणाऱ्या माणसाला मी आडवा करू शकतो. सुधारतो म्हणणाऱ्याचं काय करायचं?

म्हटलं, "मास्तर, मला दाढ..."

"डॉक्टर म्हणाले दाढ ठणठणीत आहे."

उसामीने डबा उघडून एक पापडी तोंडात टाकली. "जा ना हिबिनो-सान. ते अंड्याचं काय होतं?"

रविवारी जायचं कबूल करावं लागलं. या वहीत खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो: मी मोठ्या विमानातही डोळे मिटून बसतो. ओकिनावाच्या लग्नाला बोटीने गेलो होतो. दीड दिवस लागला आणि बोटीतही मळमळलं.

५ एप्रिल, रविवार

जिवंत आहे. बाकी सगळं ओघाने.

कॅनरी म्हणजे पत्र्याची स्कूटर. दार लावलं की कोपर बाहेर राहील की काय असं वाटतं. मास्तरांनी बोटं दाखवून आपली आरती म्हटली. वर गेलो. नदीकाठी मोहरी फुललीय असं सगळे म्हणतात. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

पहिलं उतरणं. काटा लाल टेपवर, मास्तरांची नजर काट्यावर, घामाचा थेंब नाकावर. विमान जमिनीजवळ आलं आणि बसेचना. पाचव्या टायरवर टेकलं. मास्तर म्हणाले, "बघितलंत? कुठे चुकला हात?" मी काय बघणार, माझे डोळे मिटलेले होते. म्हटलं, "पुन्हा एकदा." का म्हटलं हे अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या फेरीत, वळण घेऊन पट्टीसमोर आलो तेव्हा सकाळची कॉफी, अंडं आणि गोड बीनचा टोस्ट एकदम वर यायला निघाले. "खिडकी!" मी ओरडलो. हाताला आली ती कडी ओढली, खिडकी आत सरकवली आणि तोंड बाहेर काढलं. मोहरीला खत मिळालं.

तोंड आत घेतलं आणि पहिली नजर गेली ती सवयीच्या जागी. काटा सत्तर.

मला वाटलं मास्तर जोरात निघाले. पण इंजिनचा आवाज तोच, नाक तिथेच. मास्तर पुटपुटले, "अरे, काय झालं," आणि काटा टेपवर आणायला त्यांनी नाक हळूच वर घेतलं. सत्तर, अडुसष्ट, पासष्ट. विमान एकदम शहाण्या मुलासारखं खाली बसलं आणि थांबलं. बाहेर बघितलं तर दोर बांधलेला टायर.

मास्तरांचे डोळे भरून आले. "हात आला, हिबिनो-सान! परत आला!" त्यांनी माझा हात धरला, तोही बरबटलेला.

मी खिडकीकडे बघितलं. खिडकी उघडी होती, वारा घोंगावत होता. पिठाच्या गिरणीसारखा.

६ एप्रिल, सोमवार

ऑफिसात कोणी येण्याआधी ऑक्टोबरची रेकॉर्डिंग लावली आणि या वेळी आवाज सुरू केला.

घोंगाट. त्यात म्हाताऱ्याची आरोळी. "पेट्रोल, ठीक! पट्टा, ठीक! खिडकी, चार बोटं!" दर फेरीला. खिडकी, चार बोटं. सिगारेटचा धूर बाहेर जावा म्हणून. ती उघडली की केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते, आत आणखी पातळ होते, आणि डॅशबोर्डमागचं ते भोक तीच हवा हुंगतं. काटा पाचने चढतो. माझं ते महान संशोधन म्हणजे एका सिगारेटची फट होती.

जानेवारीत सिगारेट सुटली, खिडकी बंद झाली. आता काटा पासष्ट म्हणतो तेव्हा विमान खरंच पासष्टने येतं, मग तरंगणार नाही तर काय? आणि मी काय केलं? उडते केस पाहिले, पळता धूर पाहिला, चष्म्यावरची वाफ पाहिली, सगळं या वहीत लिहून ठेवलं, आणि म्हाताऱ्याचा हात उशिरा येतो म्हणून सही ठोकली. अंगण खरंच वाकडं होतं. वाकडं मी केलं होतं. मूर्ख, मूर्ख, पगारी मूर्ख.

होक्काइदोच्या त्या गृहस्थाची माफी मागितली. त्याने लगेच उत्तर पाठवलं: "अंडं कसं लागलं?"

८ एप्रिल, बुधवार

मास्तर क्लबात एकटेच विमान पुसत होते. शीळ घालत होते. रविवारपासून म्हणे स्वारी खुशीत आहे. सांगायला माझी जीभ रेटेना. पण न सांगावं तर पुढच्या रविवारी खिडकी बंद, म्हातारा पुन्हा सहाव्या टायरवर.

सांगितलं. सगळं, अहवालासकट.

त्यांनी फडकं पिळलं. "म्हणजे हात उशिरा येत नाही?"

"नाही. विमानच जोरात येतंय."

"आणि आधी पासष्ट म्हणायचो ते?"

"साठ होतं. पुस्तकातलं."

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. "चाळीस वर्षं लोक ज्याला काकेहीचा हात म्हणत होते ती खिडकीची फट होती तर. टायरला दोर बांधतात हो, हिबिनो-सान."

याचीच मला भीती होती. सांत्वन मला येत नाही. मी चिडलो. "मास्तर, डोकं चालवा जरा! ऑक्टोबरची रेकॉर्डिंग मी इतक्यांदा बघितलीत की स्वप्नात येतात. उतरताना तुम्ही काट्याकडे एकदाही बघितलेलं नाही. गवताकडे बघत होता. साठवर विमान धरलं ते तुमच्या हाताने. काटा बाजूला बसून पासष्ट पासष्ट बडबडत होता, तो आकडा तुम्ही पोरांना सांगितलात एवढंच. आकडा खिडकीचा होता. हात तुमचाच."

"मग आता कुठे गेला?"

"मी घालवला. मीच सांगितलं ना, नजर काट्यावर."

त्यांनी विमानात हात घालून काचेवरची लाल टेप नखाने खरवडली. म्हणाले, "छातीत डाग निघाल्यावर वाटलं, आता स्वतःचं काय ऐकायचं. तुम्ही शिकलेले, इतक्या खात्रीने बोलता."

इतक्या खात्रीने. या शब्दांवर मी घरी आलो. जेवलो नाही.

१२ एप्रिल, रविवार

सभेत मी अहवाल मागे घेतला. खिडकीचं सगळं सांगितलं. त्सुगे डॉक्टर उठून उभे राहिले, चेहरा लहान मुलासारखा. "म्हणजे तीस वर्षं माझा हात जड नव्हता! मी खिडकी बंद ठेवायचो!"

"तुझा जडच आहे," मास्तर म्हणाले. "शेजारी मी खिडकी उघडून बसायचो, तरी तू पाचव्यावरच."

सगळे हसले, पण सभेचं मन वळलं नाही. एकाने विचारलं, आता तुमचा नवा हिशेबही पहिल्यासारखाच नसेल कशावरून? बरोबर होतं त्याचं. माझ्या खात्रीला आता बाजारात भाव नाही.

तेव्हा मास्तर म्हणाले, "काटा झाकून उतरतो. खिडकी बंद ठेवून. तिसऱ्या टायरशी थांबलो नाही तर किल्ली इथे ठेवून घरी जाईन." पापड्यांच्या डब्याचं झाकण त्यांनी काट्यावर लावलं आणि त्याच लाल टेपने चिकटवलं. नियमाप्रमाणे शेजारी एक साक्षीदार हवा. सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं.

"काटा झाकून?" डॉक्टर म्हणाले. "मला दवाखाना आहे. बायको आहे."

मला दोन्ही नाही. आणि सही माझी होती. मी बूट घालायला लागलो. उसामीने माझ्या मांडीवर जीपीएस ठेवलं आणि कानाशी म्हणाली, "खिडकी उघडू नका हां. चाचणी जाईल."

वर गेल्यावर पोटात जे झालं ते लिहीत नाही. पण या वेळी डोळे उघडे ठेवले. मास्तर बाहेर बघत होते, भाजी निवडणाऱ्या माणसासारखे. गवताकडे, वाऱ्याकडे, कशाकशाकडे. दांड्यावरचा हात इतका थोडा हलत होता की हलतोय की नाही कळत नव्हतं. मांडीवरचं जीपीएस मी एकदाच बघितलं. किरकोळ वाऱ्यासकट साठाच्या आसपास होतं. मग ते उलटं करून ठेवलं. नको होता मला आकडा. पहिला टायर गेला. दुसरा गेला. चाकं टेकली ते मला गवताच्या सरसरीवरूनच कळलं.

थांबलो. पेंढ्याचा दोर माझ्या खिडकीच्या बरोबर समोर होता. लांबून डॉक्टर टोपी काढून पळत येत होते, आणि मागून अख्खा क्लब.

मास्तरांनी बोट दाखवलं. "इंजिन, बंद! टायर, तिसरा!" मग बोट माझ्याकडे वळलं. त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला. "हिबिनो-सान, हिरवे!"

मला हसायचं होतं, पण तोंड उघडण्याची सोय नव्हती.

"चाचणी झाली," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "आता उघडा खिडकी. चार बोटं."

उघडली. चार बोटं पुरली नाहीत.